ऑनलाइन अर्जात मराठी नावाचं ‘????’ का होतं? जाणून घ्या एन्कोडिंगच्या सेटिंगची सगळी माहिती

सेवा केंद्रात तासभर रांग लावली, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला, ऑपरेटरनं समोर बसून नाव मराठीत टाइप केलं आणि पावती हातात दिली. घरी येऊन पावती नीट बघितली, तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! ‘ज्ञानेश्वर’ असं नाव असेल तर मोजून दहा प्रश्नचिन्हं.

असं झालं की आपण कधी ऑपरेटरला दोष देतो, कधी प्रिंटरला, तर कधी ‘मराठीत भरायलाच नको होतं’ असं म्हणून मोकळे होतो. खरं तर मराठीत भरण्यात काहीच चूक नसते. चूक असते ती वेबसाइटच्या एका सेटिंगमध्ये. तिला ‘कॅरेक्टर एन्कोडिंग’ म्हणतात. ही सेटिंग कशी चालते, स्क्रीनवर काय दिसलं तर नेमकं काय बिघडलंय आणि आपण काय करायचं, ते या लेखात बघू. आपल्या तालुक्यांतली बरीच मुलंमुली बेलापूर, महापे, ऐरोलीच्या कंपन्यांत वेबसाइट आणि ॲप बनवण्याच्या कामावर जातात. त्यांच्यासाठी शेवटी वेगळी यादी दिली आहे.

अक्षर म्हणजे कॉम्प्युटरसाठी नंबर

कॉम्प्युटरला ना मराठी कळतं, ना इंग्रजी. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो. कोणत्या अक्षराला कोणता नंबर आणि तो नंबर कसा साठवायचा, हे ज्या नियमानं ठरतं ते एन्कोडिंग.

गट नंबरचं उदाहरण घ्या. गट नंबर ११४ म्हटलं की जमीन कळते का? नाही. आधी गाव कोणतं ते सांगावं लागतं. एका गावचा ११४ दुसऱ्या गावच्या नकाशात शोधला तर भलत्याचीच जमीन सापडणार. अक्षरांचंही तसंच आहे. एका तक्त्यानं लिहिलेले नंबर दुसऱ्या तक्त्यानं वाचले की ‘म’ च्या जागी भलतंच चिन्ह येतं. नंबर बरोबर, नकाशा चुकीचा.

मराठीचे नंबर कुठून आले?

१९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ नावाचा तक्ता ठरला. त्यात जागा फक्त १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं एवढ्यातच तो भरला. मराठीला जागाच नव्हती.

मग आपल्याकडे दोन वाटांनी काम झालं. पहिली वाट प्रमाण तक्त्याची. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आलं. त्यातून भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ हा तक्ता घडला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं त्याला मानक म्हणून मान्यता दिली.

दुसरी वाट जुगाडाची, आणि गावोगावी पोचली ती हीच. डीटीपीवाल्यांकडे, छापखान्यात, सरकारी कचेऱ्यांत श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट आले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. माणसाला ‘क’ दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीतलंच एखादं अक्षर असतं. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पूर्वी मराठी बातम्यांच्या वेबसाइट उघडल्या की ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना यायची, ती याच कारणानं.

१९९१ मध्येच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच मोठा तक्ता, म्हणजे सगळ्या गावांचा मिळून एकच नकाशा. त्यात देवनागरीला १२८ जागा सलग मिळाल्या, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ‘क’चा नंबर २३२५, ‘म’चा २३५०. हा नंबर पनवेलच्या कॉम्प्युटरवर, पेणच्या मोबाइलवर आणि लंडनच्या सर्व्हरवर सारखाच.

नंबर मिळाले तरी अक्षर डोळ्यांना दिसायला फॉन्ट लागतोच. विंडोजवर मराठी बघताना वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केला. आयआयटी मुंबईत शिकवल्यानंतर ते एनसीएसटी या संस्थेत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करत होते. ही संस्था २००३ मध्ये सीडॅकमध्ये विलीन झाली आणि सीडॅकचं मुंबई केंद्र झाली. याच केंद्राचं नवी मुंबईतलं कार्यालय खारघर स्टेशनसमोर आहे. लोकलनं जाता-येता आपल्यापैकी अनेकांनी ती पाटी पाहिली असेल.

मग यूटीएफ-८ म्हणजे काय?

युनिकोड हा नंबरांचा तक्ता. ते नंबर फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये कसे लिहायचे याची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी ती आखली. आज जगातल्या ९५ टक्क्यांहून जास्त वेबसाइट हीच पद्धत वापरतात.

कॉम्प्युटरच्या साठवणीत लहान लहान घरं असतात, त्यांना ‘बाइट’ म्हणतात. यूटीएफ-८ मध्ये साध्या इंग्रजी अक्षराला एक घर लागतं आणि मराठी अक्षराला तीन. इमोजीला सहसा चार.

मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त हेही वेगळे नंबर असतात. ‘ज्ञानेश्वर’ फोडून बघा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. झाले दहा नंबर, म्हणजे तीस घरं. सुरुवातीला पावतीवर दहा प्रश्नचिन्हं आली ती यामुळेच. एका नंबरमागे एक.

आता एखाद्या वेबसाइटवर नावासाठी ५० घरांचीच जागा ठेवली असेल, तर इंग्रजीत ५० अक्षरं बसतील, मराठीत फक्त १६ नंबर. वडिलांचं नाव लिहिता लिहिता जागा संपते आणि आडनाव अर्धं कापलं जातं. एसएमएसचंही तसंच: इंग्रजी मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा, मराठी मेसेजला ७० ची. म्हणून मराठी सूचना दोन-तीन तुकड्यांत येते.

स्क्रीनवर काय दिसतंय त्यावरून बिघाड ओळखा

हा भाग नीट लक्षात ठेवा. प्रत्येक खुणेचा अर्थ वेगळा असतो आणि उपायही वेगळा.

* रिकामे चौकोन (□□□): तुमची माहिती शाबूत आहे. ते अक्षर दाखवणारा फॉन्ट त्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये नाही, एवढंच. दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलं, त्यामुळे जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी चौकोन दिसतो.

* टोपी किंवा तिरकी रेघ असलेली परदेशी अक्षरं, मध्ये मध्ये चित्रविचित्र चिन्हं: माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेलं युरोपच्या जुन्या तक्त्यानं वाचलं गेलंय. प्रत्येक मराठी अक्षराची तीन घरं तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून दिसतात, म्हणून मजकूर तिप्पट लांब वाटतो. सेटिंग सुधारली की हे परत वाचता येतं.

* नुसती प्रश्नचिन्हं (????): हे सगळ्यात वाईट. मराठी अक्षराला जागा नसलेल्या तक्त्यात ते घालायचा प्रयत्न झाला आणि कॉम्प्युटरनं त्याऐवजी प्रश्नचिन्ह ठेवलं. डेटाबेसमध्ये तसंच साठवलं गेलं असेल, तर मूळ नाव गेलं. कोणताही फॉन्ट टाकून ते परत येणार नाही. नाव पुन्हा भरावंच लागतं.

* काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह (�): अक्षराची तीन घरं पूर्ण मिळाली नाहीत, किंवा मजकूर दुसऱ्याच पद्धतीत आहे. नावाच्या अगदी शेवटी एकच असं चिन्ह असेल, तर बहुधा जागा कमी पडून अक्षर मधूनच कापलं गेलंय.

* साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा काला: मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार पुन्हा वाचून तपासावे लागतात.

* वेलांटी भलतीकडे, हलन्त सुटलेलं, जोडाक्षर फुटलेलं: नंबर बरोबर आहेत, पण अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर कच्चं आहे. पीडीएफ पावत्यांमध्ये हे जास्त दिसतं.

एका अर्जाचा प्रवास

आपण भरलेलं नाव वेबसाइटच्या पानावरून निघतं, इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातं, तिथलं प्रोग्रॅम ते वाचतं, डेटाबेसमध्ये साठवतं आणि शेवटी पावती किंवा यादी म्हणून बाहेर काढतं. ऐरोली, रबाळे, महापे भागात जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, तिथल्या मशिनांमध्ये रात्रंदिवस हेच चालू असतं.

या पाचही ठिकाणी ‘कोणतं एन्कोडिंग’ ही सेटिंग वेगवेगळी असते. चार ठिकाणी यूटीएफ-८ आणि एका ठिकाणी जुना तक्ता असला, तरी नाव बिघडतं. पाइपलाइन चार ठिकाणी पक्की आणि एका जोडावर गळकी असली तर नळाला पाणी येईल का? तसंच हे.

बऱ्याचदा गळती डेटाबेसमध्ये निघते. उदाहरणार्थ, ‘मायएसक्यूएल’ हा खूप वापरला जाणारा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर तो पश्चिम युरोपचा ‘लॅटिन-१’ तक्ता आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चालायचा. स्क्रीनवर टाइप करताना सगळं छान मराठी दिसतं, ‘सबमिट’ केलं की मागे प्रश्नचिन्हं. म्हणून ऑपरेटर म्हणतो ‘मी तर बरोबर भरलं होतं’, आणि तो खरंच बोलत असतो.

दिसायला सारखं, पण कॉम्प्युटरला वेगळं

सगळीकडे यूटीएफ-८ असलं तरी मराठीची एक अडचण उरतेच. ‘कुऱ्हाडे’, ‘वऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतला आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’नं बनतो, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कॉम्प्युटर मात्र म्हणतो, ‘ही दोन नावं वेगळी आहेत.’

‘ॲ’चंही तेच. २००८ पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा नंबर आहे, पण अनेक जण अजून ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात. एका यादीत एक पद्धत, दुसऱ्या यादीत दुसरी, की नाव शोधलं तर ‘रेकॉर्ड सापडलं नाही’. अनुदान, शिष्यवृत्ती, वारस नोंद अशा कामात मराठी नाव दुसऱ्या नोंदीशी जुळवून बघायचं असेल, तर माणूस एकच आणि कागद दोघांचे, अशी वेळ येऊ शकते. ‘स्पेलिंग तर बरोबर आहे’ असं वाटत असताना नाव जुळत नसेल, तर ही शक्यता ध्यानात ठेवा.

यादीच्या क्रमातही फरक पडतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. नुसत्या नंबराप्रमाणे लावलेल्या यादीत मात्र ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’मध्ये जातं, कारण कॉम्प्युटरला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. शेवटच्या पानावर नाव दिसलं नाही म्हणून लगेच ‘नाव वगळलं’ असं समजू नका. आधी ‘क’चं पान बघा.

तुम्ही काय करायचं?

* शेवटचं बटण दाबण्याआधी अर्जाचं पूर्वावलोकन बघा. भरतानाचं पान नाही, त्यानंतरचं. नाव, वडिलांचं नाव, गाव, तिन्ही वाचा.
* पावतीवर प्रश्नचिन्हं दिसली तर केंद्रातून निघण्याआधीच सांगा. अर्ज क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.
* तक्रार करताना ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहू नका. चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात की परदेशी अक्षरं, ते लिहा. दुरुस्त करणाऱ्याला त्यावरूनच जागा सापडते.
* पीडीएफमधून किंवा जुन्या वर्ड फाइलमधून नाव कॉपी-पेस्ट करू नका. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर किंवा इनस्क्रिप्टवर नव्यानं टाइप करा.
* बचत गट, दूध संस्था, ग्रामपंचायत यांच्या याद्या एक्सेलमधून ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि मूळ फाइल बंद करून टाकली असेल तर काम गेलं.
* आलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये परदेशी अक्षरांत उघडली तर घाबरू नका आणि ती तशीच सेव्हही करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्या आणि एन्कोडिंग ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा.
* अनोळखी वेबसाइटवरच्या फुकट कन्व्हर्टरमध्ये आधार नंबर, बँक खातं असलेला मजकूर टाकू नका.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलामुलींसाठी

१. पानाच्या अगदी सुरुवातीला मेटा चार्सेट यूटीएफ-८ लिहा. तो पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवा. सर्व्हरच्या हेडरमध्येही तेच हवं. दोन्हींत फरक असेल तर ब्राउझर सहसा हेडरचं ऐकतो.

२. पानाची भाषा मराठी आहे हे ‘लँग’मध्ये सांगा. त्यामुळे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही.

३. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ न निवडता ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये तीनच घरांची सोय आहे. मराठी बसतं, पण इमोजी आला की नोंद अडते. टेबलबरोबरच कनेक्शनची सेटिंगही तीच ठेवा. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच.

४. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर मराठीसाठी ‘एनव्हारचार’ कॉलम घ्या आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराआधी ‘एन’ लावा. तो एक ‘एन’ राहिला की प्रश्नचिन्हं आलीच समजा.

५. कॉलमची लांबी अक्षरांत मोजली जाते की बाइटमध्ये, ते आधी बघा. बाइटमध्ये असेल तर मराठी नावासाठी तिप्पट जागा ठेवा.

६. नावं जुळवण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणा. युनिकोडचं नेहमीचं ‘नॉर्मलायझेशन’ आडव्या र ची आणि ‘ॲ’ची दोन रूपं एक करत नाही. तो नियम स्वतः लिहावा लागतो.

७. चालू वेबसाइटची सेटिंग एकाच ठिकाणी बदलू नका. कधी कधी दोन चुका एकमेकींना झाकत असतात. त्यातली एकच सुधारली की आजवर नीट दिसणाऱ्या जुन्या नोंदी बिघडतात. आधी बॅकअप घ्या, प्रतीवर बदल करून बघा, मगच खऱ्या डेटाला हात लावा.

८. प्रत्येक वेळी चाचणी मराठीतच करा. ‘टेस्ट १२३’ भरून काही कळत नाही. ‘ज्ञानेश्वर, कुऱ्हाड, ॲप, क्षेत्र, बाळ, ₹५००’ एवढं भरा आणि फॉर्मपासून पीडीएफपर्यंत ते जसंच्या तसं येतं का बघा.

लक्षात ठेवा

चौकोन आले तर फॉन्ट नाही. परदेशी अक्षरं आली तर तक्ता चुकला. प्रश्नचिन्हं आली तर नाव पुन्हा भरा, आणि ते आजच भरा, कारण मुदत संपल्यावर ‘सिस्टिमची चूक होती’ हे पटवून देता देता नाकी नऊ येतात. मराठीत अर्ज भरायला कचरू नका. नंबर १९९१ पासून ठरलेले आहेत, पद्धत १९९२ पासून तयार आहे. वेबसाइट बनवणाऱ्यानं सगळ्या ठिकाणी तीच पद्धत लावली, की तुमचं नाव पावतीवर तुमच्याच अक्षरांत येतं.